वरचं बटण

१

मी वरचं बटण दाबलं होतं. हे वाक्य त्या दोन दिवसांत मी इतक्या वेळा बोलले, की शेवटी शेवटी माझाच त्याच्यावरचा विश्वास उडायला लागला.

इलेक्ट्रोमेकॅनिकलचं आमचं तिसरं वर्ष. हा कोर्सच असा आहे की मेकॅनिकलवाले आम्हाला वायरमन म्हणतात आणि इलेक्ट्रिकलवाले लोहार. त्या दुपारी यंत्रशाळेत एक जुनी मोटर तिच्या लोखंडी पायावरून उचलायची होती. मोटर माझ्या पाचपट वजनाची. ती आम्ही हॉइस्टच्या हुकाला अडकवली होती. हॉइस्ट म्हणजे छताच्या तुळईला टांगलेलं, विजेवर साखळी ओढणारं यंत्र. त्याचा स्विच केबलला लोंबत असतो आणि त्यावर दोनच बटणं असतात. वरचं दाबलं की ओझं वर, खालचं दाबलं की खाली. तो स्विच माझ्या डाव्या हातात होता, कारण मी डावरी. कॉलेजात मला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांची मी 'डावरी'च.

मोटर मी वीतभर वर घेतली. बरोबर गेली. तेवढ्यात, दोन वाजता, लाइट गेली. मिनिटभरात मागच्या शेडमधला जनरेटर घरघरला, दिवे लागले, पंखे फिरायला लागले. सर मोटरखाली हात घालून पायावरचा गंज खरवडत होते. टांगत्या ओझ्याखाली हात घालू नये हे भिंतीवर त्यांनीच रंगवून घेतलं होतं, पण सरांना कोण सांगणार?

"अजून चार बोटं वर घे," ते म्हणाले.

मी वरचं बटण दाबलं आणि मोटर खाली आली.

सर ओरडले. तसं ओरडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मोटर उचलायची म्हणून मी पुन्हा वरचं बटण दाबलं, तर ती आणखी खाली बसली. हवेत कापसाचे तंतू उडत होते, घामेजलेल्या तोंडाला चिकटत होते आणि मला काही सुचत नव्हतं. आमचे प्रयोगशाळा सहायक, ज्यांना अख्खं कॉलेज दादा म्हणतं, धावत आले. त्यांनी भिंतीवरचा मोठा एक्झॉस्ट पंखा आधी बंद केला, मग माझ्या हातातला स्विच हिसकावला आणि मोटर सरळ वर गेली.

माझ्या हातात खाली, दादांच्या हातात वर. चौदा जणांनी पाहिलं.

अडीचला लाइट परत आली. तीन वाजता प्राचार्यांनी सगळ्यांसमोर स्वतः हॉइस्ट चालवून पाहिला. वरचं दाबलं, हुक वर गेला. खालचं दाबलं, खाली आला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता भुई दुभंगली तर बरं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं तेव्हा कळलं की प्रकरण नुसत्या चुकीचं नाही.

"आठ दिवसांपूर्वी तू सरांना काय म्हणाली होतीस?"

माझ्या जिभेला हाड नाही हे आई लहानपणापासून सांगत आली आहे. झालं होतं असं, की प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मोटर जोडल्यावर मी ती आधी क्षणभर फिरवून कुठल्या दिशेला फिरते ते पाहत बसले आणि माझा वेळ संपला. सरांनी मार्क कापले. "दिशा काय बघत बसतेस? रंगाला रंग जोड, दिवा लागला की मोकळी हो," असं म्हणाले. मी चिडले. सगळ्या वर्गासमोर बोलून गेले, "एक दिवस तुमच्याच हातावर येईल ना, मग कळेल!"

आता आलं होतं. अक्षरशः.

"चार वाजता समिती बसणार," प्राचार्य म्हणाले. "सरांची दोन बोटं गेली आहेत. चूक असेल तर तुझं नाव कमी होईल. चूक नसेल, मुद्दाम केलेलं असेल, तर पुढचं पोलीस बघतील. बाहेरून तपासणीला एक बाई येताहेत, त्यांना नीट उत्तरं दे."

मी बाहेर आले तर पायऱ्यांवर आई. बसमध्ये तिकिटं फाडायची ड्यूटी सोडून आली होती, खाकी कपड्यांतच. तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग. खालचं दाबलं गेलं का? मी रागावणार नाही."

तिने रागवायला हवं होतं. हे असं हळूच विचारणं मला त्या ओरडण्याइतकंच लागलं. मी म्हटलं, "वरचंच दाबलं गं." तिने मान हलवली, पण माणूस ऐकलं म्हणून हलवतो तशी, पटलं म्हणून हलवतो तशी नाही.

अकरा वाजता दादा आले. हातात पाण्याचा पेला आणि लिहून आणलेला कागद. 'घाबरून माझ्याकडून चुकीचे बटण दाबले गेले. हेतू नव्हता.' खाली सहीसाठी जागा.

"हे बघ बाळ," ते म्हणाले, "डाव्या हाताने होतं असं. चूक कबूल केलीस तर पोलिसांपर्यंत जाणार नाही. वर्ष वाया जाईल, पण जन्म नाही जाणार. मी नेऊन देतो."

दादांनी मला पहिल्या वर्षी पकड धरायला शिकवलं होतं. फी भरायच्या रांगेत माझ्या जागी उभे राहिले होते. मी आईकडे पाहिलं, ती जमिनीकडे पाहत होती. मग मी पेन घेतलं आणि सही केली.

३

तपासणीच्या बाई बारा वाजता आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. एका कानाने ऐकू कमी येतं म्हणून दुसरा कान पुढे करून बोलायच्या. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या होत्या. पोरांनी पाच मिनिटांत त्यांचं 'लिफ्टबाई' करून टाकलं.

मला वाटलं होतं हॉइस्ट उघडतील, मोजमापं घेतील. त्यांनी हॉइस्टकडे एकदा पाहिलं, प्राचार्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि एक स्टूल ओढून बसल्या.

"काल दुपारी दोन ते अडीच," त्या मला म्हणाल्या, "ती मोटर सोडून तुझं आणखी काय बिनसलं होतं?"

मला प्रश्नच कळला नाही. माणसाचा हात चिरडला, आणि ही बाई आणखी काय बिनसलं म्हणून विचारते?

"काही नाही."

"आठव. बारीकसारीक. चप्पल तुटली, डोळ्यात काही गेलं, काहीही."

"तोंडाला कापूस चिकटत होता," मी म्हटलं. "मशिनं पुसायच्या बोळ्यांचे तंतू. हवेत उडत होते."

"कुठून?"

मी भिंतीकडे बोट केलं. एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीत वर्षानुवर्षांचे तंतू अडकलेले असतात.

लिफ्टबाईंनी कान पुढे केला. "एक्झॉस्ट पंखा हवा आत टाकतो की बाहेर?"

"बाहेर," मी म्हटलं, आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

४

त्यांनी मला बोलू दिलं नाही. "एका पंख्यावर घर बांधायचं नाही," म्हणाल्या. "साक्षीदार हवेत. चल माझ्याबरोबर, पण तोंड शिवलेलं ठेव." माझ्या तोंडाची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती म्हणायची.

पहिला नंबर 'पुस्तका'चा. हा आमचा वर्गातला पहिला. मी नापास झाले असते तर त्याला आनंद नसता झाला, पण दुःखही नसतं झालं. त्यानेच लिहून दिलं होतं की डावरीने बटण एकदा नाही, दोनदा दाबलं. बाईंनी त्यालाही तेच विचारलं.

"माझं काहीच बिनसत नाही," तो म्हणाला.

"चष्म्यावर ते काळे ठिपके कसले?"

पुस्तकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ठिपके काचेत भाजलेले होते, पुसून जाणारे नव्हते. "ग्राइंडरच्या ठिणग्या," तो पुटपुटला. "नेहमी खाली, पायाकडे जातात. काल तोंडावर आल्या. मीच चुकीचं धरलं असणार."

"मग सांगितलं नाहीस?"

"हसले असते सगळे."

पहिला नंबरही कशाकशाला घाबरतो, हे मला तेव्हा कळलं.

मग हत्यारांची खोली. तिथल्या मावशी खिडकीत बसून हत्यारं देतात. पद्धत अशी, की प्रत्येकाला एक पितळी बिल्ला असतो, त्यावर नंबर. हत्यार न्यायचं तर त्याच्या जागी खिळ्याला बिल्ला टांगायचा, परत आणलं की सोडवून न्यायचा. मावशी वही ठेवत नाहीत. भिंत हीच त्यांची वही.

"काल काय बिनसलं?" मावशी उखडल्याच. "विचारा काय नाही बिनसलं! पंप अर्धा तास नुसता घुं घुं करतोय, नळाला थेंब नाही. तेलाचे हात घेऊन पोरं माझ्या डोक्यावर उभी. मी पंपवाल्याला शिव्या घातल्या. आणि लाइट आली तसं झालं की सुरू आपोआप!"

"लाइट आली तसं," बाई म्हणाल्या.

"हो. पंपालाही माझा धाक असेल."

बाई हसल्या नाहीत. त्या भिंतीकडे पाहत होत्या. पान्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. एकोणीस नंबरचा पाना. त्याच्या खिळ्याला एक बिल्ला लोंबत होता.

"हा कधी गेला?"

"काल. साडेतीनला." मावशींचा आवाज एकदम खाली आला. "सर दवाखान्यात, सगळं कॉलेज सुन्न, आणि पाना मागायला आले. मी म्हटलं, आत्ता कशाला? तर काही बोलले नाहीत."

"कोण आले?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे. "नंबर वाचा तुम्हीच. माझ्या तोंडून नको."

बिल्ल्यावर सात होता. बाईंनी काही विचारलं नाही. मला मात्र सात नंबर कुणाचा ते पाठ होतं. गेल्या तीन वर्षांत त्याच बिल्ल्यावर मी कितीदा हत्यारं उसनी नेली होती.

५

तीन वाजता जनरेटरच्या शेडमध्ये प्राचार्य, आई, पुस्तक, मावशी, दादा आणि मी. समितीला एक तास उरला होता.

लिफ्टबाईंच्या हातात जनरेटरची नोंदवही होती. त्यांनी काल सकाळची नोंद मोठ्याने वाचली. "'जुनी केबल खराब, बदलली. रंगाला रंग जोडला. दिवे लावून पाहिले, ठीक.' काम करणारे, दादा. तपासले म्हणून सही, सर." वही मिटून त्यांनी जनरेटरची पेटी उघडायला लावली.

आत तीन बोल्ट, लाल, पिवळ्या आणि निळ्या खुणेचे. पिवळी वायर पिवळ्यावर होती. लाल वायर निळ्यावर आणि निळी लालवर होती. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे चमकत होते.

"वहीत रंगाला रंग. पेटीत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे नोंद झाल्यावर कुणीतरी दोन वायरी बदलल्या. का बदलल्या ते बघू. कालच्यासारखं पुन्हा जोडा."

पुस्तकाने लाल लालवर, निळी निळ्यावर बसवली. मेन लाइन बंद केली, जनरेटर चालू केला. दिवे लागले, अगदी लख्ख. आम्ही यंत्रशाळेत आलो. हॉइस्टच्या हुकाला वाळूचं पोतं बांधलं होतं, छातीएवढ्या उंचीवर.

बाईंनी स्विच माझ्यापुढे धरला. "दाब. वरचं."

मला तो हातात घेववेना. पोतं वर गेलं तर? कालपासून मी जे धरून बसले होते ते सगळं तिथेच संपणार होतं. मग मी खरंच खालचं दाबलं होतं, एकदा नाही, दोनदा, आणि मला स्वतःलाच कळलं नव्हतं. असल्या माणसाने पुढे कुठल्या मशिनला हात लावायचा? पोलिसांपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटत होती. शेवटी घेतला. माझा अंगठा बटणावर ठेवलेला मला दिसत होता, पण तो दाबला जात नव्हता.

"मी आहे इथे," आई म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "वरचंच दाबलं असशील तू."

मी डोळे उघडे ठेवले आणि वरचं बटण दाबलं.

पोतं खाली आलं. धप्पकन जमिनीवर बसलं आणि वाळू सांडली.

मी तिथेच खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. इतका वेळ कोंडलेलं सगळं बाहेर आलं. आईने माझं डोकं तिच्या खाकी सदऱ्यावर दाबून धरलं.

"मोटरला तीन वायरी," बाई प्राचार्यांना म्हणाल्या. "त्यातल्या कुठल्याही दोन बदलल्या की ती उलटी फिरते. तुमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे येतं. पण दिव्याला उलटं-सुलटं नसतं, तो लागतोच. म्हणून सगळे म्हणाले, लाइट ठीक होती. जुन्या केबलमध्ये कुणीतरी कधीकाळी दिशा जुळवायला वायरी आडव्या जोडल्या असणार. नवी आली ती रंगाला रंग, सरळ. त्यामुळे काल अर्धा तास या कॉलेजातली प्रत्येक मोठी मोटर उलटी फिरत होती. पंख्याने हवा आत टाकली, ग्राइंडरने ठिणग्या वर उडवल्या, पंपाने पाणी चढवलं नाही. आणि प्रत्येकाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. लाइट आली, सगळं सुलट झालं. तीन वाजता तुम्ही हॉइस्ट तपासलात तो मेन लाइनवर."

"पण मग," प्राचार्य म्हणाले, "दादांच्या हातात मोटर वर कशी गेली?"

"हाच तर खरा प्रश्न," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चांगला कान दादांकडे वळला.

६

माझं रडणं थांबलं. मला कळलं, आणि कळू नये असं वाटलं.

वरचं दाबल्यावर खाली येत होतं. मग दादांनी मोटर वर नेली ती खालचं बटण दाबून. जनरेटर चालू असताना, त्या गोंधळात, क्षणाचाही विचार न करता. म्हणजे हॉइस्ट उलटा आहे हे चौदा जणांत एकट्या त्यांना माहीत होतं.

"तुम्ही आधी पंखा बंद केलात," बाई म्हणाल्या. "सर ओरडत असताना. कापूस आत येताना तुम्ही पाहिलात आणि तुम्हाला लगेच उमगलं, कारण सकाळी केबल तुम्हीच जोडली होती. पंखा बंद केलात तो आणखी कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून."

दादांनी खिशातून एकोणीसचा पाना काढून टेबलावर ठेवला. इतका वेळ तो त्यांच्याजवळच होता.

"हात आधी सोडवला मी," ते म्हणाले. "खालचं दाबून हात सोडवला. तेवढं तरी..."

"आणि साडेतीनला वायरी बदलल्यात."

"जनरेटर पुन्हा लागला असता तर आणखी कुणाचा हात गेला असता." मग त्यांचा आवाज फाटला. "अकरा वर्षं मी इथे तात्पुरता आहे. यंदा कायम करणार होते. मला वाटलं, पोर आहे, घाबरून झालं म्हटलं तर सोडून देतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण संन्याशाला पाण्याचा पेला आणून देऊन फाशीच्या कागदावर सही घेणारा चोर मी पहिल्यांदा पाहत होते. मला राग येत होता, आणि त्यांनाच धरून रडावंसंही वाटत होतं.

"माझा कागद दिलात का?" मी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या खिशातून तो काढला. आठ घड्या घातलेला. "तीनदा दारापर्यंत गेलो," ते म्हणाले. "नाही देता आला."

मी तो घेतला. आईने तो माझ्या हातातून घेऊन त्याचे बारीक बारीक तुकडे केले, तिकिटं फाडते तसे, न पाहता.

७

चार दिवसांनी सरांनी बोलावलं म्हणून दवाखान्यात गेले. येताना जिना चढता चढता तीनदा परत फिरले होते. माझ्या हातात स्विच होता, हे कुठल्या चौकशीने बदलणार होतं?

सरांचा उजवा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. पांघरुणावर चौकशीचा जबाब पडलेला. टाइप केलेला, सहीविना.

"बस," ते म्हणाले. "कोणतं बटण दाबलंस?"

"वरचं, सर."

"माहीत आहे. मला तेवढंच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." त्यांनी जबाबावर बोट ठेवलं. "ते तपासलं म्हणून सही मी केली होती, डावरे. तपासलं नव्हतं. दादाने दिवे दाखवले आणि मी सही केली. दादाला तरी दुसरं कुणी शिकवलं? रंगाला रंग, दिवा लागला की मोकळे व्हा. आणि तुला मी मार्क कापले ते दिशा बघितली म्हणून."

जन्मात पहिल्यांदाच माझी जीभ गप्प बसली.

"हे सगळं मी यात लिहायला सांगितलंय. दादाचं एकट्याचं नाव जायला नको." त्यांनी जबाब पुढे सरकवला आणि डाव्या हातात पेन धरलं. मुठीत, पहिलीतलं पोर धरतं तसं. ते कागदावरून घसरलं. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा घसरलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि मला दिसलं की तेही घाबरलेत.

"कसं धरतेस तू हे?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला ओढली. कागद तिरका केला, उजवीकडे झुकता, डावऱ्या माणसाला लागतो तसा. त्यांची बोटं एकेक करून पेनावर बसवली.

"असं, सर," मी म्हटलं. "आणि घाई करू नका. आधी थोडं गिरवून बघा, कुठल्या बाजूला जातं ते."

त्यांनी कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहिली. मग सही केली.